‘व्हेरी गुड’ म्हणायला लागलो, तर पोरं हसायला लागली

प्रश्न: माझं वय 54. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशिन शॉपमध्ये सुपरवायझर आहे, हाताखाली 26 माणसं. बोलायला कडक, पण कुणाचं वाईट केलेलं नाही. आमच्या वडिलांनी कधी तोंडावर कौतुक केलं नाही, पोरं शेफारतात म्हणायचे. आमचंही तसंच होत गेलं. मध्यंतरी कंपनीनं ट्रेनिंग ठेवलं, त्यात सांगितलं की माणसांचं रोज कौतुक करत जा. दुसऱ्याच दिवसापासून सकाळच्या राउंडला प्रत्येकाला ‘व्हेरी गुड, छान चाललंय’ म्हणायला लागलो. पंधरा दिवसांत पोरं माझी नक्कल करायला लागली. एक ऑपरेटर तर म्हणाला, ‘साहेब, एवढं छान चाललंय तर पगारात दिसू द्या की.’ घरी बायकोला म्हटलं, ‘आज भाजी फार छान झालीय,’ तर ती म्हणते, ‘काय काम आहे?’ वडिलांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, त्यांचं सगळं तीच बघते. मुलगी दहावीला आहे. तिला ‘तू हुशारच आहेस, तुला काय अवघड’ म्हटलं की खोलीचं दार लावून घेते. मी हे सगळं बंद केलं. ज्याला गोड बोलणं जमत नाही, त्यानं या भानगडीत पडूच नये का?
– एक वाचक, पुणे

उत्तर:

नमस्कार.

गोड बोलणं जमत नाही ही तुमची अडचण नाहीच. तुम्ही लिहिलेली तिन्ही वाक्यं पुन्हा वाचा. ‘छान चाललंय’, ‘भाजी छान झालीय’, ‘तू हुशारच आहेस’. यातलं प्रत्येक वाक्य समोरच्याकडे मान वर करून न बघताही म्हणता येतं, आणि ऐकणाऱ्याला हे लगेच समजतं. मग त्याच्या मनात एकच प्रश्न उरतो: हे आजच का? तुमच्या शॉपमधल्या पोरांना उत्तर सापडलं ‘ट्रेनिंग’, बायकोला सापडलं ‘काहीतरी काम असणार’. दोघांनीही अंदाज फार चुकीचा केला, असं म्हणवत नाही.

आता तुम्हाला जे उत्तम येतं ते बघू. एखादा पीस नापास करताना तुम्ही ‘वाईट आहे’ एवढंच लिहून सोडता का? रिजेक्शन टॅगवर पार्ट नंबर असतो, कुठलं माप, कितीनं बाहेर, कुठलं मशिन, कुठली शिफ्ट. हे सगळं लिहिल्याशिवाय क्वालिटीवाले टॅग घेतच नाहीत. चांगल्या कामासाठी मात्र कुठल्याच कारखान्यात टॅग छापलेला नसतो. इतकी वर्षं तुमची नजर फक्त दोष टिपायला तयार झाली, कारण पगार त्याचाच मिळतो. तीच नजर, तितक्याच बारकाव्यानं, बरोबर झालेल्या कामाकडे वळवायची आहे. जीभ आहे तशीच राहू दे.

एक उदाहरण घेऊ. सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवर, 32 एच7चा बोअर (धातूत कोरलेलं गोल भोक) चाललाय. म्हणजे 32 मिलिमीटर आणि वर फार तर 25 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इन्सर्ट, म्हणजे कापणारी पात, झिजत जाते तसा बोअर बारीक होत जातो. एक ऑपरेटर माप पार कडेला येईपर्यंत मशिन चालवतो आणि मग घाईघाईत ऑफसेट मारतो, म्हणजे मशिनला मापाची दुरुस्ती देतो. दुसरा दर पाचव्या पीसला भोकाचं माप घेणारं डायल बोअर गेज लावतो, काटा कुठल्या दिशेनं सरकतोय ते बघतो आणि माप 10 मायक्रॉनवर उतरलं की तिथंच ऑफसेट देतो. शिफ्ट संपताना रजिस्टरमध्ये दोघांच्याही नावापुढं ‘रिजेक्शन 0’ असू शकतं. फरक कळतो तो मशिनपाशी दहा मिनिटं उभं राहणाऱ्याला. त्या दुसऱ्याला शिफ्ट सुटताना एवढंच सांगा: ‘दर पाचव्या पीसला गेज लावता आणि 10वर आलं की लगेच ऑफसेट देता, पाहिलं मी. आज इन्स्पेक्शनवरून एकही पीस परत आला नाही.’

दोन वाक्यं, दहा सेकंद. त्यात ‘छान’ नाही, ‘व्हेरी गुड’ नाही, पाठ थोपटणंही नाही. पहिल्या वाक्यात त्यानं नेमकं काय केलं, दुसऱ्यात त्यामुळं काय झालं. याची नक्कल करून कुणी हसणार नाही, कारण नक्कल करायला त्यात काही नाटकी नाहीच.

आणि त्यानंतर गप्प बसायचं. लोक बहुतेक वेळा घसरतात ते इथं. ‘असंच चालू ठेवा’ म्हटलं की कौतुकाचं फर्मान होतं. ‘तुमच्याकडून हीच अपेक्षा होती’ म्हटलं की श्रेय अर्धं तुमच्याकडे येतं. ‘बघा, मनावर घेतलं की जमतं’ हा तर कौतुकाच्या पिशवीत घातलेला टोमणा आहे, आणि आपल्याकडे तो फार चालतो. सगळ्यांत वाईट म्हणजे कौतुकाच्या शेपटाला बांधलेली मागणी: ‘तुमच्यासारखा सेटर नाही हो शॉपमध्ये... बरं, रविवारी याल ना?’ हरभऱ्याच्या झाडावर चढवून काम काढून घेणारा एखादा साहेब प्रत्येकानं पाहिलेला असतो. म्हणून तुमच्याविषयीही आधी तोच संशय येणार. रविवारी माणूस हवा असेल तर सरळ विचारा, ‘रविवारी ओव्हरटाइमला याल का?’ ज्याला काही मागायचं आहे त्याचं त्या दिवशी कौतुक करायचं नाही, एवढा एक नियम पाळलात तरी तीन-चार आठवड्यांत संशय बराच उतरेल.

‘पण’ या शब्दाबद्दल. ट्रेनिंगमध्ये तुम्हाला बहुधा हेही शिकवलं असेल की चूक सांगायची तर आधी कौतुक, मध्ये चूक, शेवटी पुन्हा कौतुक. कृपा करून हे करू नका. दोन-तीनदा झालं की माणसं पहिल्या वाक्यालाच दचकायला शिकतात, आता ‘पण’ येणार म्हणून. मग खरं कौतुकही वाया जातं आणि चूकही धड पोचत नाही. चूक झाली त्याच वेळी ती सरळ, कामापुरती सांगा. तुम्हाला ते येतंच. कौतुक वेगळ्या वेळी. एव्हरॅम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी या दोन संशोधकांनी 1996 साली कामाबद्दलच्या शेऱ्यांवरचे तोवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र करून पाहिले. शेरा दिल्यानं सरासरी काम सुधारत होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी ते उलट बिघडलं होतं. त्यांचं स्पष्टीकरण असं की शेरा ऐकून माणसाचं लक्ष कामावरून उठून ‘मी कसा आहे’ यावर गेलं की घोटाळा होतो. लक्षात घ्या, हे शिव्यांना लागू आहे तसंच स्तुतीलाही. ‘तुम्ही म्हणजे आपल्या शॉपचा हिरा’ ऐकलेला माणूस उद्या बोअरकडे बघत नाही, हिरेपण टिकवण्याकडे बघतो.

आता पगाराची गोष्ट. तो ऑपरेटर चुकलेला नाही. कौतुकानं पोट भरत नाही आणि कौतुक हा पगारवाढीचा स्वस्त पर्याय म्हणून वापरणारे लोक आहेत, हे त्यालाही माहीत आहे. त्याला टाळू नका, विनोदात नेऊ नका. त्याचं काम खरंच वाढीच्या लायकीचं असेल तर अप्रेझलच्या फॉर्मवर तसं लिहा आणि लिहिलंय हे त्याला सांगा: ‘वाढ देणं माझ्या हातात नाही, शिफारस आहे. ती केली.’ नसेल तर कुठल्या कामासाठी ती करता येईल ते सांगा, उदाहरणार्थ मशिनचं सेटिंग स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे. दोन्ही बाबी वेगळ्या ठेवल्या की दोन्हींना किंमत राहते. पगार ठरावीक असतानाही दोन शब्दांनी फरक पडतो का, तर पडतो. अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांनी 2010 साली छापलेल्या एका प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे कर्मचारी होते, पगार बांधलेला. त्यांतल्या निम्म्या लोकांकडे विभागाच्या संचालक स्वतः आल्या आणि त्यांनी आभार मानले. पुढच्या आठवड्यात त्या लोकांचे फोन पन्नास टक्क्यांहून जास्त वाढले, उरलेल्यांचे होते तेवढेच राहिले. वाक्य तसं साधंच होतं. पण बाई जागेवर चालत आल्या होत्या आणि काहीही न मागता परत गेल्या.

खिशात एक छोटी वही ठेवा. एका शिफ्टला दोन नोंदी, जास्त नाही: कोण, काय केलं, काय झालं. यातलं सगळंच बोलून दाखवायचं असं नाही. महिन्याला 24 दिवस धरले तर 48 नोंदी होतील, माणसं 26. वाटतं की सगळे येऊन जातील. येणार नाहीत. पाच-सहा नावं परत परत येतील आणि दहा-बारा नावं एकदाही नसतील. महिनाअखेरीला ती न आलेली नावं काढून बघा. बहुतेक शॉपमध्ये ती ठरलेली असतात. रात्रपाळी. टूल क्रिबवरचा, म्हणजे हत्यारं काढून देणारा माणूस. कूलंट बदलणारा, धातूचा कीस (चिप्स) उपसणारा. कंत्राटी पोरं. आणि मेंटेनन्सवाला, ज्याच्यामुळं काही घडत नाही.

हा शेवटचा जरा नीट बघा. मशिन बंद पडलं की मेंटेनन्सचं नाव शॉपभर घेतलं जातं. ज्यानं रविवारी लुब्रिकेशनची लाइन साफ केली, कंट्रोल पॅनलच्या पंख्याची जाळी काढून धूळ उडवली, सैल होत चाललेला बेल्ट वेळेत ताणला, त्याच्या वाट्याला काय येतं? एक शांत आठवडा, ज्यात त्याला कुणी हाकही मारत नाही. बिघाड टाळणाऱ्याचं काम दिसत नाही हा त्याचा दोष नाही, ते मुद्दाम शोधावंच लागतं. ब्रेकडाउनचं रजिस्टर मागं चाळा. ‘चार नंबरचं मशिन उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पॅनल गरम होऊन थांबायचं, या उन्हाळ्यात एकदाही थांबलं नाही. तुम्ही पंख्याच्या जाळ्या दर आठवड्याला साफ करताय त्याचा हा परिणाम.’ हे सांगायला तुम्हाला रजिस्टर उघडावं लागलं, हे त्या माणसाला समजतं. त्यानंतर तो तुमच्याकडे आपण होऊन येऊन सांगायला लागेल की सहा नंबरच्या स्पिंडलचा आवाज बदललाय. हा फायदा आकड्यात मांडता येत नाही, पण शॉप चालवणाऱ्याला तो कळतो.

वहीत कुणाचं नाव नाही म्हणून काहीतरी जुळवून बोलू नका. त्याच्या जागेपाशी जाऊन थोडा वेळ उभे राहा. काही दिसलं तर बोला, नाही दिसलं तर गप्प. आठवड्याचा कोटा ठरवून केलेलं कौतुक आणि सकाळच्या राउंडचं ‘व्हेरी गुड’ यांत फारसं अंतर नाही.

सगळ्यांसमोर करावं की एकट्याला? ट्रेनिंगवाले सरसकट ‘चारचौघांत’ म्हणतात. शॉपमध्ये कायम आणि कंत्राटी यांच्यात आधीच ताण असतो. तिथं एकाला उभं करून टाळ्या वाजवल्या की उरलेला आठवडा त्याला ‘साहेबाचा माणूस’ म्हणून काढावा लागतो. पहिल्यांदा नेहमी एकट्याला सांगा. टीमचं काम असेल, म्हणजे सेटिंगचा वेळ तिघांनी मिळून कमी केला असेल, तर शिफ्टच्या मीटिंगमध्ये तिघांची नावं घेऊन सांगा. एकही नाव गाळू नका. गाळलेल्याला ते वर्षभर आठवतं. आणि तिसरी जागा, जिचा सुपरवायझर सगळ्यांत कमी उपयोग करतात, ती म्हणजे वरच्या साहेबांसमोर, त्या माणसाच्या माघारी. प्रॉडक्शन मीटिंगमध्ये ‘आम्ही ड्रिफ्ट पकडला’ (माप सरकत चाललंय हे वेळेत ओळखलं) म्हणण्याऐवजी ज्यानं पकडला त्याचं नाव घ्या. ते दोन दिवसांत त्याच्या कानावर जातंच. माघारी केलेल्या कौतुकावर संशय घ्यायला जागा नसते.

शॉपमध्ये इन्स्पेक्शनला बाया असतील तर एक रेघ स्पष्ट ठेवा: कामाबद्दलच बोला, कपड्यांबद्दल, दिसण्याबद्दल, हसण्याबद्दल एक अक्षर नको. ‘मनात वाईट काही नव्हतं’ हे स्पष्टीकरण उपयोगाचं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात नको असलेली लैंगिक छटेची शेरेबाजीही छळातच मोडते. कायदा बाजूला ठेवला तरी, जी बाई दिवसाला शेकडो पीस तपासते तिला तिच्या नजरेबद्दल कुणीतरी बोलावं, साडीबद्दल नव्हे.

धीर देणं हे आणखी वेगळं काम आहे. कौतुक झालेल्या कामाचं असतं, धीर न झालेल्या कामासाठी लागतो. समजा आयटीआयमधून आलेल्या अप्रेंटिसनं चुकीचा ऑफसेट टाकला आणि टूल जॉबवर आदळवलं. दुसऱ्या दिवशी तो मशिनपाशी जायला घाबरतो. त्याला ‘होतं रे, काही टेन्शन घेऊ नको’ म्हणणं दयाळूपणाचं आहे, पण त्याच्या हातात काही पडत नाही, कारण पुन्हा तसंच होणार नाही याची त्याला खात्री कुठाय? त्याला असं सांगा: ‘ड्रॉइंग वाचायला तुला येतं, वर्क झीरो तू बरोबर घेतला होतास. चुकलं ते दशांश चिन्ह. आता ऑफसेट टाकला की एंटर दाबायच्या आधी मोठ्यानं वाच. पहिला पीस सिंगल ब्लॉकवर, रॅपिड 25 टक्क्यांवर. मी शेजारी उभा आहे.’ (वर्क झीरो म्हणजे मापं जिथून मोजायची तो बिंदू, सिंगल ब्लॉक म्हणजे प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत चालवणं, रॅपिड म्हणजे टूलची मोकळी धाव.) त्याला काय येतं ते, नेमकं कुठं चुकलं ते, पुढची एकच पायरी आणि तुमची हजेरी. पहिला पीस निघाला की शेजारून हला. दिवसभर डोक्यावर उभे राहिलात तर त्याचा अर्थ तो ‘साहेबांचा माझ्यावर भरवसा नाही’ असाच घेणार.

हे सगळं करताना सुरुवातीला तुम्हाला स्वतःला चमत्कारिक वाटेल. अमेरिकेतल्या एरिका बूथबी आणि व्हनेसा बोन्स यांनी लोकांना अनोळखी माणसाजवळ जाऊन एक प्रामाणिक चांगली गोष्ट सांगायला लावली, आणि आधी विचारून ठेवलं की समोरच्याला कसं वाटेल. 2021 साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा की बोलणारे दोन्ही बाजूंनी चुकतात. समोरच्याला होणारा आनंद ते कमी धरतात आणि त्याला वाटणारा अवघडलेपणा जास्त. आपण शब्द नीट जुळले का याची काळजी करत बसतो, ऐकणारा शब्दांकडे फारसं बघतच नाही. तेव्हा अडखळलात तरी चालेल. तुमच्यासारख्या कडक माणसाच्या तोंडून अडखळत आलेलं वाक्य उलट खरं वाटतं.

घरी येऊ. मुलगी दार का लावून घेते? ‘तू हुशारच आहेस, तुला काय अवघड’ हे वाक्य दहावीच्या मुलीच्या कानात असं पडतं: अवघड वाटलं तर तू हुशार नाहीस. आणि समजा तिला भूमिती अवघड वाटत असेल तर? क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर केलेला आणि 1998 साली छापलेला प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. सगळ्यांना सोपी कोडी दिली. काहींना म्हटलं, ‘तू हुशार असणार,’ काहींना म्हटलं, ‘तू मेहनत घेतली असणार.’ मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना आपटवलं आणि तिसऱ्यांदा पुन्हा सोपी दिली. हुशार म्हटलेल्या मुलांचे गुण पहिल्यापेक्षा खाली आले, मेहनतवाल्यांचे वर गेले. नंतर दुसऱ्या शाळेतल्या मुलांसाठी आपले गुण चिठ्ठीवर लिहायला सांगितले, तेव्हा हुशार म्हटलेल्यांतल्या दहापैकी जवळजवळ चौघांनी ते फुगवून लिहिले. ज्या मुलांना शेफारण्याची भीती म्हणून आपण गप्प बसतो, तीच मुलं ‘हुशार’ शब्दाखाली दबून खोटं बोलतात.

पण म्हणून ‘मेहनत घेतेस हं’ हे नवं ‘व्हेरी गुड’ करू नका. कमी गुण मिळालेल्या मुलीला नुसती मेहनतीची शाबासकी दिली की तिला त्यातून ‘डोकं नाही, निदान राबते तरी’ असं ऐकू येतं. आणि गुण कमी आले म्हणून कौतुकाला जास्त फुगवू नका. एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली नेदरलँड्समधल्या मुलांकडून व्हॅन गॉगच्या रानगुलाबांचं चित्र काढून घेतलं. ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी, त्यांना ‘कमालीचं सुंदर’ असा शेरा मिळाला की पुढची चित्रं ती सोपी निवडत. साधं ‘सुंदर’ म्हटलं तर तसं होत नव्हतं. मोठी माणसं मात्र फुगवलेलं कौतुक नेमक्या अशाच मुलांच्या वाट्याला जास्त घालतात.

मग करायचं काय? उत्तरपत्रिका मागून घ्या. गुणांचा आकडा सोडून आत बघा. भूमितीच्या सराव परीक्षेत 40 पैकी 26 पडले असतील. मागच्या पेपरात सिद्धतेच्या पायऱ्या होत्या, पण समोर कंसात कारणं लिहिली नव्हती आणि तिथं गुण गेले होते. या वेळी प्रत्येक पायरीसमोर कारण आहे. मग म्हणा, ‘या वेळी एकाही पायरीचं कारण सोडलेलं नाहीस. प्रमेयाच्या प्रश्नात पूर्ण गुण मिळाले ते त्यामुळं.’ आणि उरलेल्या 14 गुणांबद्दल त्या दिवशी बोलू नका. ती स्वतः बोलेल. तुम्हाला भूमिती आठवत नसेल तर विचारा, ‘ही पायरी कशी सुचली?’ आणि उत्तर संपेपर्यंत ऐका. दहावीतल्या पोरीसाठी यापेक्षा मोठी दाद नाही. पाहुण्यांसमोर किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिची वाहवा करणं बंद करा. त्यात कौतुक आईबापांचं होतं आणि पुढच्या वेळचं ओझं तिला मिळतं. मामाच्या मुलाशी तुलना तर नकोच, ती जिंकत असली तरी.

आता तुमच्या सौभाग्यवती. ‘काय काम आहे?’ हा प्रश्न त्यांनी विचारला, कारण त्या घरात करतात त्या शंभर गोष्टींपैकी तुम्हाला जी पोटात जाते तीच दिसली. भाजीचं कौतुक करू नका असं नाही, पण तेवढंच असेल तर ते हॉटेलच्या गिऱ्हाइकाचं झालं. तुमच्या वडिलांच्या दुखण्याचं सगळं त्या बघतात म्हणता. ते बघा. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या आखडलेल्या हाताची बोटं एक एक करून उघडून घ्यायची, खुर्चीतून उठवायचं-बसवायचं, रक्तदाबाची गोळी चुकू द्यायची नाही, आणि हे सगळं त्यांची चिडचिड ऐकत. रविवारी दोन्ही वेळा शेजारी बसा आणि निम्मं काम स्वतः करा. दुसऱ्या दिवशी जे बोलाल ते आपोआप नेमकं असेल: ‘बाबा ओरडतात तेव्हा तू आवाज चढवत नाहीस. मला काल दहा मिनिटंसुद्धा जमलं नाही.’ इथं एक बारकावा आहे. आभार मानताना आपण बहुतेक ‘मला किती बरं झालं, माझी काळजी मिटली’ असं आपल्याच बाजूनं बोलतो. सारा अल्गो आणि सहकाऱ्यांनी जोडप्यांवर केलेल्या 2016च्या अभ्यासात, समोरच्यानं काय केलं आणि त्यात त्याचा कोणता गुण दिसला हे सांगणारे आभार त्या माणसापर्यंत जास्त पोचले होते. वाक्याचा कर्ता ‘तू’ असू दे.

आणि पुन्हा ‘काय काम आहे?’ आलंच, तर खुलासे देत बसू नका. ‘काही नाही, दिसलं म्हणून सांगितलं’ एवढं म्हणून आपल्या कामाला लागा. अशा आठ-दहा वेळा तुम्ही खरंच काही मागितलं नाहीत की प्रश्न बंद होईल.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण तुमच्या पिढीच्या माणसांत ती जवळजवळ नेहमी असते. तुमचं कुणी कौतुक केलं तर तुम्ही काय करता? ‘छे छे, आपलं काय त्यात’, ‘कामच आहे ते’, नाहीतर विषय बदलता. सांगणाऱ्यानं काहीतरी पाहिलेलं असतं, आणि तुम्ही त्याला सांगता की तुझी नजर चुकली. तो परत बोलत नाही. एखादा सेटर म्हणाला, ‘साहेब, काल तुम्ही वरच्यांशी आमच्या बाजूनं बोललात,’ तर ‘बरं वाटलं ऐकून’ म्हणा आणि तिथंच थांबा. लगेच उलटं त्याचं कौतुक करून हिशेब चुकता करायला जाऊ नका.

नक्कल आणखी थोडे दिवस चालेल. चालू द्या. तोवर तुम्ही वहीतल्या नोंदी करा आणि पहिला महिना चार-पाच जणांशीच बोला, ज्यांचं काम तुम्ही खरंच उभं राहून पाहिलंय. मेंटेनन्सवाल्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.